सव्वाअकराची गाठ

नत्थूजीने मारलेली गाठ सुटत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हाताऱ्याने उमरेडच्या हातमागांवर पस्तीस वर्षं काढलेली. कोष्ट्याची गाठ दिसायला मुगाच्या दाण्याएवढी, मागाच्या फणीतून सरकन निघून जाणारी, पण ओढाल तेवढी आवळत जाणारी. तुटलेला धागा जोडण्यासाठी ती मारायची. सोडण्यासाठी ती नसतेच. विणकाम बसलं, मुलगा चेतन कळमेश्वरच्या एमआयडीसीत नोकरीला लागला, तरी भिवापूर रस्त्यावरच्या आपल्या गावी, घरामागच्या मातीच्या खोलीतला जुना खड्डामाग म्हाताऱ्याने कुणाला मोडू दिला नाही. कुणाची खाट सैल झाली, कुणाच्या बैलाचं दावं तुटलं की नत्थूजीला बोलावणं यायचं. तो गाठ मारायचा, दोन्ही टोकं एकदा खेचायचा आणि म्हणायचा, "आता हे कापूनच निघन." तेव्हा त्याची छाती अशी काही फुगायची की सदऱ्याची बटणं तुटतील. गर्वाचं घर खाली, ही म्हण मात्र तो नेहमी दुसऱ्यांनाच ऐकवायचा.

एप्रिल संपत आला होता. दहापर्यंत टाळकं तापवणारं ऊन होतं आणि अकराच्या सुमाराला भिवापूरच्या बाजूने आभाळ काळंनिळं होत आलं. नत्थूजी मागावर प्लास्टिक घालायला खोलीत गेला. त्याला जेवायला बोलवायला गुंजन, चेतनची नऊ वर्षांची लेक, मागोमाग आली. तेवढ्यात वारा सुटला. सुटला कसला, अंगावरच आला. शेजारच्या घराचे पत्रे पत्त्यांसारखे उडाले, त्यातला एक विजेच्या खांबावर आदळून दुमडला, आणि मग गारा सुरू झाल्या, लिंबाएवढ्या. बाहेर बांधलेलं वासरू दोनदा ओरडलं, तिसऱ्यांदा त्याचा आवाज आला नाही. खोलीची भिंत हलताना नत्थूजीने डोळ्यांनी पाहिली. त्याने गुंजनला उचललं आणि मागाच्या खड्ड्यात ढकललं, जिथे विणकर पाय सोडून बसतो तिथे. पोरगी आत गेली, पण उजवा पाय काठावर राहिला. भिंत पडली, भिंतीबरोबर छताचं लोखंडी अँगल आलं आणि गुडघ्याखाली पायात शिरलं.

रक्त कसं येतं हे नत्थूजीला माहीत होतं, पण हे रक्त येत नव्हतं, उडत होतं. प्रत्येक ठोक्याला एक चिळकांडी. त्याच्या डोळ्यांत गेलं, तोंडात गेलं. त्याने मागाची सुती दोरी दाताने तोडली, गुडघ्याच्या वर चार बोटं जागा सोडून दोन वेढे दिले आणि पस्तीस वर्षांची सगळी ताकद लावून गाठ मारली. चिळकांडी थांबली. सून भारती विटा उपसत, किंचाळत आत आली आणि तिने चेतनला फोन लावला. तिच्या रक्ताळलेल्या बोटाखाली फोनच्या काचेवर सव्वाअकरा वाजलेले नत्थूजीने स्वतः पाहिले. फोन लागला, "पोरगी दबली जी, नागपुरात या," एवढं बोलणं झालं आणि टॉवर गेला.

तिथवर म्हाताऱ्याने जे केलं, त्याला तोड नव्हती. ती दोरी नसती तर पोरगी खड्ड्यातच संपली असती. पुढे काय झालं ते सांगायला जड जातं, पण सांगायला तर हवंच.

ॲम्ब्युलन्स गावात पोचणं शक्य नव्हतं. रस्त्यावर बाभळी आडव्या पडलेल्या. जखमींना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातलं. माणसं पुढे उतरून कुऱ्हाडीने झाडं तोडत होती आणि ट्रॅक्टर हातभर पुढे सरकत होता. वीस किलोमीटरला तीन तास लागले. गारांचं पाणी ट्रॉलीत घोट्यापर्यंत साचलेलं, त्यात रक्त मिसळलेलं. नत्थूजीने गुंजनच्या पायावर आपला दुपट्टा टाकला होता.

"आबाजी, लई आवळून राहिली. सोडा ना जी," गुंजन रडत होती.

"मामाजी, सोडा ना थोडी!" भारती सासऱ्याला म्हणाली. "दवाखान्याच्या आशाताईनं सांगतलं होतं, घडीघडीनं सैल करा लागते म्हणून."

"करतो ना वं. तू तिचं डोकं धर."

त्याने दुपट्ट्याखाली हात घातला. ओली सुती दोरी फुगून मांसात रुतली होती आणि गाठ झाली होती गोटा. त्याने नख घातलं, नख उलटलं. दुसरं घातलं, तेही गेलं. ट्रॉलीत त्याच्या मांडीपाशीच एक विळा पडला होता. कापली असती तर सुटली असती. पण कापली आणि ती चिळकांडी परत सुरू झाली तर? हे कारण खरं होतं. दुसरंही एक होतं, तेही खरं होतं: ट्रॉलीत गावातली आठ माणसं होती, आणि नत्थूजीला स्वतःचीच गाठ सोडता येत नाही हे त्यांना दिसलं असतं. त्याने दुपट्ट्याखाली उगाच बोटं हलवली आणि हात बाहेर काढला.

"केली सैल," तो म्हणाला.

असं त्याने चार वेळा केलं. चौथ्या खेपेला गुंजन रडायची थांबली. "पाहा, दुखणं कमी झालं तिचं," तो भारतीला म्हणाला, आणि त्या क्षणी त्याला ते खरंही वाटलं. माणूस स्वतःला फसवायला लागला की त्याला शिकवावं लागत नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. एक तरणा डॉक्टर गुडघ्यांवर सरकत एकेका जखमीपाशी जात होता. नत्थूजीच्या आधी एका माणसाचा नंबर होता. त्याने पोराच्या हाताला वायर बांधून आणली होती आणि हात काळा पडला होता. डॉक्टर त्याच्यावर खेकसला, "आवळून मोकळे होता आणि सडलं की कापायले आमच्याकडे आणता! अक्कल गहाण ठेवली का?" तो माणूस तिथेच आपल्या तोंडात मारून घ्यायला लागला. मग डॉक्टर गुंजनकडे वळला. गाठ पाहिली.

"कधी बांधली? मधे सोडली होती का?"

भारती शेजारीच होती. नत्थूजी म्हणाला, "दर अर्ध्या तासाले सोडली जी. आत्ता अडीचले पुन्हा बांधली."

"शाबास. इतकं कोणी करत नाही." डॉक्टरने खिशातून मार्कर काढला आणि गुंजनच्या कपाळावर मोठ्या आकड्यांत लिहिलं: २.३०. पुढच्या डॉक्टरला शोधावं लागू नये म्हणून. मग सलाईन लावून तिला नागपूरच्या ॲम्ब्युलन्समध्ये चढवलं. कपाळावर लिहिलेलं कुणाला वाचता येत नाही म्हणतात. हे तर रस्त्यातला प्रत्येक जण वाचत होता, आणि खोटं होतं.

नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात ते पोचले तेव्हा साडेचार वाजले होते. वादळाने चार तालुके झोडपले होते आणि चारही तालुक्यांची पोरं एकाच दारातून आत येत होती. एका पोराच्या पोटात पत्रा तसाच रुतलेला. एका मुलीचं डोकं तिच्या बापाने साडीच्या बोळ्याने दाबून धरलेलं, तो बोळा सोडायलाच तयार नव्हता. कोपऱ्यातल्या स्ट्रेचरवर एका मुलावर दोन डॉक्टर छाती दाबत होते. ते थांबले, आणि त्या मुलाच्या काकाने लोखंडी स्टूल उचलून औषधांच्या कपाटावर घातलं. काचा लादीवर पसरल्या. एक वॉर्डबॉय मधे पडला, त्याचं डोकं फुटलं. गार्ड आले, काकाला ओढत नेलं, आणि काचा झाडायच्या आत पुढचं स्ट्रेचर त्या काचांवरून करकरत गेलं.

डॉक्टर चारुशीला हाडांच्या सर्जन. चाळिशीची बाई, सकाळपासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. तिने गुंजनचं कपाळ वाचलं, घड्याळ पाहिलं, दुपट्टा बाजूला केला. पोटरीवर बोट दाबलं. मग परत दाबलं.

"दोन तासांत पोटरी एवढी कडक?" ती स्वतःशीच म्हणाली. वर बघून तिने विचारलं, "आजोबा, तुम्ही बांधली का? नक्की अडीच? नीट आठवून सांगा."

आठवण्यासारखं काय होतं? त्याला फोनची काच दिसत होती. पण भारती त्याच्याकडे बघत होती, आणि या दिवसात पहिल्यांदाच तिच्या तोंडावर थोडी आशा होती.

"हाव, अडीचच," नत्थूजी म्हणाला.

"गारांच्या पाण्यात होती ना? मग गारठली असेल." डॉक्टरीणबाईंनी भारतीच्या खांद्यावर हात ठेवला. "वेळ आहे अजून. रक्ताची नळी जोडून बघू. पाय वाचेल असं वाटतं. ऑपरेशनची तयारी करा रे!"

तेवढ्यात चेतन आला. कळमेश्वरहून मोटारसायकलने येऊन दुपारपासून नागपुरातला एकेक दवाखाना धुंडाळत होता, अंगावर कंपनीचा ड्रेस, कोपर सोललेलं. तो एकटा नव्हता. त्याच्याबरोबर अशाच एका दवाखान्याच्या दारात गाठ पडलेला मार्तंड होता आणि मार्तंडची दहाबारा पोरं. मार्तंडची ओळख करून द्यायची तर, कुठल्याही दवाखान्यात कुणाचंही माणूस दगावलं की तिथे पोचून न्याय मिळवून देणं हे त्याचं काम. न्याय म्हणजे दोन दारं, चार खुर्च्या आणि सापडला तर एखादा डॉक्टर. कामधंदा नसलेल्या माणसाला समाजसेवेसारखं सोपं काही नाही.

चेतनने पोरीचा पाय पाहिला आणि तो भिंतीला टेकला. मग डॉक्टरच्या अंगावर गेला.

"बाई, माह्या पोरीचा पाय नाही कापायचा. सांगून ठेवतो."

"कापायचा नाहीच आहे. वाचवायचाच आहे."

"आधी असंच म्हणतात," मार्तंड मागून म्हणाला. "पाय कापला न डॉक्टरीणबाई, तर हा दवाखाना जाग्यावर राहणार नाही."

डॉक्टर चारुशीलाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती चेतनला म्हणाली, "ऐका. ही गाठ सोडली की अडकलेलं रक्त परत शरीरात फिरेल. दोन तासांचं असेल तर पोरगी सहन करेल. सकाळपासूनची असती तर मी हात लावला नसता. तेवढ्या वेळात खालचं मांस मरतं, त्याचं विष साचतं. गाठ सोडली की ते विष सरळ हृदयात, आणि पोरगी टेबलावरच जाते. तेव्हा गाठ न सोडता वरून पाय काढावा लागतो. पण तुमच्या बाबांनी वेळेवर सोडली, म्हणून संधी आहे. त्यांचे पाय धरा."

चेतन वळला आणि त्या गर्दीत, काचांवर, बापाच्या पायांवर वाकला. "बाबा, तुमच्या गाठीनं वाचवलं जी तिले," तो रडत म्हणाला.

नत्थूजीच्या कानात गारांचा आवाज सुरू झाला. गुंजनचं स्ट्रेचर ऑपरेशनच्या खोलीकडे निघालं. पोरीचे डोळे अर्धे मिटलेले, कपाळावर २.३०. सांगावं तर पाय गेला, आणि आयुष्यभर सगळे म्हणणार की म्हाताऱ्याने नातीचा पाय खाल्ला. न सांगावं तर कदाचित, कदाचित डॉक्टरीणबाई चुकीचं बोलत असतील. पोरगी चिवट आहे. सहन करेल. पाय वाचेल, नाव राहील. स्ट्रेचर दारापर्यंत गेलं तोवर तो हा हिशेब करत होता, आणि हे त्याला पुढे कधीच विसरता आलं नाही. दार उघडलं. स्ट्रेचर आत गेलं. दार लागलं.

आणि म्हातारा पळाला. साठी कधीच ओलांडलेला माणूस, पायात चप्पल नाही, काचांवरून पळत त्याने ते दार दोन्ही मुठींनी बडवायला सुरुवात केली.

"नका सोडू! बाई, गाठ नका सोडू! सव्वाअकराची आहे ती!"

डॉक्टर चारुशीला हातमोजे घालता घालता बाहेर आली. "काय?"

"सव्वाअकराची आहे. एक डाव बी सोडली नाही मी. सुटलीच नाही माह्याच्यानं. खोटं बोललो मी. दोन डाव बोललो."

मग चेतनने बापाला मारलं. उघड्या हाताने नाही, मुठीने, तोंडावर. नत्थूजी भिंतीवर आपटला. दुसरा ठोसा बसला तेव्हा त्याच्या तोंडातून रक्त आलं आणि पुढचे दोन दात लादीवर पडले. त्याने हात आडवा घातला नाही. तिसरा, चौथा. "काहून?" चेतन प्रत्येक ठोशाला विचारत होता. "काहून? काहून बोलले खोटं?" भारती तिथेच उभी होती, आणि तिने नवऱ्याला थांबवलं नाही.

"वेळ नाही!" डॉक्टर चारुशीला ओरडली. "पाच तास होऊन गेलेत. पाय गेलाय, पोरगी अजून आहे. गाठीच्या वरून पाय काढावा लागेल. आत्ताच्या आत्ता सही हवी."

"घ्या!" मार्तंड गर्जला. "आता म्हातारा पुढे केला! पाय कापायचाच होता यांले पहिल्यापासून! धरा रे बाईले!"

त्याची पोरं उसळली. सलाईनचा लोखंडी स्टँड हवेतून आला आणि डॉक्टर चारुशीलाच्या भुवईवर बसला. ती गुडघ्यावर आली. डोळ्यात रक्त उतरलं. एका पोराने तिचा ॲप्रन धरून ओढला, दुसऱ्याने लाथ उगारली, आणि तोंडातून रक्त ओघळत असलेला नत्थूजी मधे पडला. ती लाथ त्याच्या बरगड्यांत बसली. बरगडी मोडल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. तो डॉक्टरीणबाईंच्या अंगावर पालथा पडून राहिला आणि तसाच ओरडत राहिला, "मले मारा! मी बांधली! मले मारा ना बे!"

सहीचा कागद लादीवर पडला होता. भारतीने तो उचलला. नर्सने पेन पुढे केलं तोच चेतनने भारतीचं मनगट धरून पिरगाळलं.

"नाही करायची सही! लंगडी करतं का पोरीले?"

"मेलेली पाहिजे का तुमाले?" भारती म्हणाली.

त्याने हात सोडला नाही. तेव्हा ती वाकली आणि नवऱ्याच्या हाताला चावली. दात हाडापर्यंत नेले. चेतन ओरडून मागे झाला, आणि त्या तेवढ्या वेळात भारतीने भिंतीवर कागद टेकवून आपलं नाव लिहिलं. कधी नव्हे ते तिचं अक्षर स्वच्छ आलं. कागदावर चेतनच्या हाताचं रक्त होतं की गुंजनचं, हे कुणी विचारलं नाही.

पोलीस आले, त्यांनी मार्तंडला आणि त्याच्या पोरांना दंडुक्यांनी रेटत बाहेर काढलं. डॉक्टर चारुशीला उठली. नर्सने तिच्या भुवईवर पट्टी दाबून चिकटवली. ती आत गेली, स्पिरिटच्या बोळ्याने गुंजनच्या कपाळावरचे आकडे पुसले आणि ११.१५ लिहिलं. मग दार लागलं.

पावणेदोन तासांनी ती बाहेर आली. पट्टीतून रक्त झिरपून गालापर्यंत आलं होतं. "आहे," ती म्हणाली. "पोरगी आहे. गाठ सोडली असती तर गेली असती." ती भारतीशी बोलत होती. मग थांबून नत्थूजीकडे बघत म्हणाली, "सकाळी तुम्ही वाचवलंत तिला, आणि आत्ताही. मधल्या वेळाचं तुमचं तुम्ही बघा."

हे ऐकण्यापेक्षा आणखी दोन ठोसे परवडले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायाचं गाठोडं घरच्यांच्या हवाली केलं. तशी पद्धतच आहे. माणसाचा अवयव कचऱ्यात टाकवत नाही. बरगड्यांना पट्टा बांधलेला नत्थूजी पुढे झाला, पण चेतनने गाठोडं त्याच्या हातून हिसकावलं. दोघे घाटावर गेले. चेतनने खड्डा खणला. फडकं सरकलं तेव्हा दोरी दिसली, तशीच, मांसात रुतलेली.

"थांब," नत्थूजी म्हणाला. दात गेल्याने शब्द फुसफुसत होते. "बांधलेलं मातीत देत नाहीत, चेतन. मेल्या माणसाचाही करदोडा तोडतात. मले सोडू दे ते."

"आता सोडता?" चेतन म्हणाला. "आता?"

त्याने गाठीसकट पाय खड्ड्यात ठेवला आणि माती लोटली. म्हातारा बघत राहिला. बोलण्याचा हक्क त्याने स्वतःच घालवला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी गुंजन पूर्ण शुद्धीवर आली. नत्थूजीला वॉर्डात यायची बंदी होती. दवाखान्याची नाही, भारतीची. "त्यांले सांगा, पोरीच्या नजरेस नाही पडायचं," असं तिने नर्सच्या तोंडून कळवलं होतं. तो बाहेर जिन्याच्या पायरीवर बसून राहायचा. कुणी चहा दिला तर प्यायचा. येणारेजाणारे त्याचं सुजलेलं तोंड बघून विचारायचे, "वादळात लागलं का गा?" तो मान हलवायचा.

आतून गुंजनचं ओरडणं ऐकू आलं. आधी कण्हणं, मग किंचाळणं, मग सगळा वॉर्ड जागा करणारा आक्रोश. नर्स धावल्या. इंजेक्शन दिलं. आक्रोश थांबेना. अर्ध्या तासाने दार उघडलं आणि भारती बाहेर आली. तीन दिवसांत ती सासऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"चाला," ती म्हणाली.

"मी?"

"तुमालेच बोलावून राहिली."

गुंजनचं अंग घामाने थबथबलं होतं. चेतन उशाशी बसलेला, हाताला पट्टी, त्याने वर बघितलं नाही. डॉक्टर चारुशीला पायथ्याशी उभी होती, भुवईवर टाके. "पाय नसला तरी डोक्याला तो आहे असंच वाटतं," ती हळू आवाजात म्हणाली. "शेवटचं जे दुखणं होतं ना, तेच तिला अजून होतंय. औषध दिलंय. वेळ लागेल."

गुंजनने आजोबाकडे पाहिलं. त्याचं तोंड बघून घाबरली नाही की काय झालं विचारलं नाही. तिला तेवढी सवड नव्हती.

"आबाजी, गाठ लई आवळून राहिली," ती म्हणाली. "सोडा ना जी. तुम्हीच बांधली होती ना? मग सोडा ना."

नत्थूजीने पलंगाकडे पाहिलं. उजव्या बाजूला, मांडीच्या पट्टीच्या पुढे, चादर सपाट होती. गाठीसकट पुरलेला पाय घाटावर मातीखाली होता, आणि ती गाठ इथे नातीला काचत होती. त्याला वाटलं, डॉक्टरीणबाईंना सांगावं, पोलिसांना सांगावं, मला घेऊन जा. पण इथे त्याला कुणी शिक्षा द्यायला बोलावलं नव्हतं. काम करायला बोलावलं होतं.

तो पलंगाच्या काठावर बसला. सपाट चादरीवर वाकला आणि जिथे गुडघ्याच्या वर चार बोटं जागा असती, तिथे त्याने हवेत बोटं नेली. दोन नखं नव्हती त्या बोटांना. दोरीचं टोक शोधल्यासारखं त्याने शोधलं. सापडल्यासारखं धरलं. मागावर बसून तुटका धागा उकलावा तसा, हलक्या हाताने, घाई न करता, तो नसलेली गाठ सोडवायला लागला. एक वेढा काढला. थांबला. त्याच्या हनुवटीवरून पाणी चादरीवर पडत होतं आणि ते तो पुसत नव्हता.

गुंजनचे डोळे त्याच्या बोटांवर लागले होते. तिचा श्वास थोडा लांबला.

"सुटून राहिली का?" त्याने विचारलं.

"थोडी," गुंजन म्हणाली.

चेतन उठून खिडकीकडे गेला आणि पाठमोरा उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. म्हाताऱ्याने हात थांबवला, मान वर केली आणि सुनेकडे पाहिलं. पुढे चालू ठेवू का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

भारतीने स्टूल ओढलं आणि पोरीचा हात धरून त्याच्या समोर बसली.

"खोटं नका बोलू या बारीनं, मामाजी," ती म्हणाली. "पुरी सोडा."

नत्थूजीने दुसऱ्या वेढ्याला हात घातला.